श्वास धरा, पण थोडाच

मांगेरे, ऑकलंड
६ मार्च

तामातोआदादा,

थडग्याचं सिमेंट वाळलं का?

लेकीने, मीरिआमाने, काल फोनवर व्हिडिओ दाखवला. आपल्या अंगणात, आईबाबांच्या थडग्यांशेजारी तू फावडं घेऊन उभा आहेस आणि अर्धं ताउहुनु गाव तुझ्याभोवती वाळू-सिमेंट कालवतंय. मला आधी वाटलं, पावसाच्या पाण्याची नवी टाकी बांधताय. मग खड्ड्याची लांबी बघितली. लेकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि मला इतकं हसू आलं की खोकला लागला. ती मात्र रडायला लागली. मागून कुणीतरी म्हणतंय ते स्पष्ट ऐकू येतं, "नूरोआ उंच आहे रे, अजून वीतभर वाढवा." तो तेरेचा आवाज ना? त्याला सांग, मापाची एवढी काळजी असेल तर स्वतः आत आडवा होऊन बघ.

माणूस गेल्यावर मूठमाती देतात, दादा. तू जिवंतपणीच द्यायला निघालास.

तू दोन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस. मी फोन केला की तो पोको वहिनीच्या हातात देतोस आणि अंगणात निघून जातोस. म्हणून हे पत्र. बेटावर विमान येईल तेव्हा पोचेल. तू वाचणार नाहीस हेही ठाऊक आहे. वहिनी, तू वाच, आणि मोठ्याने वाच. तो पाठ फिरवून बसेल, पण कानांना काही पाठ नसते.

गावात काय काय पसरलंय ते मला कळतं. तेव्हा एकदा माझ्या तोंडून ऐक. मी गुडघ्यासाठी डॉक्टरकडे गेले आणि सापडली छाती. वजन का उतरलं, रात्री घाम का येतो, असं विचारत विचारत त्यांनी फोटो काढला. उजव्या फुप्फुसात, खाली, पाठीच्या बाजूला एक डाग आहे. बोटाच्या पेराएवढा. थुंकी तपासली, काही निघालं नाही. घशातून नळी घातली, पण डाग अगदी कडेला, नळी तिथवर पोचली नाही. आता म्हणतात, मशीनमध्ये बघत बघत पाठीतून सुई घालू, डागाचा कणभर तुकडा काढू आणि तो काय आहे ते ओळखू. कॅन्सर असेल. दुसरंही काही असेल. सुईशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

वहिनीकडून तुझा निरोप मिळाला. "सुई लावून घेऊ नकोस. घरी ये." दोन वर्षांनी तोंड उघडलंस ते एवढ्यासाठी! पुढचं तू बोलला नाहीस, पण वहिनीने सांगितलं. म्हणे फुप्फुसाला भोक पडलं की श्वास गळतो. म्हणे वारा लागला की असला रोग अंगभर धावतो. म्हणे साठी उलटलेल्या बाईने भावाचं न ऐकता मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारल्या, म्हणून बेटाच्या कुशीतल्या पाण्याने, लगूनने, तिचा श्वास मागून घेतला.

दोन वर्षांपूर्वी तू मला आपल्या नावेवरून उतरवलंस, तेव्हा मी तेरेच्या नावेतून गेले. पुन्हा जाईन. लगूनने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मागितलं असतं तर मला ऐकू आलं असतं, मी तिथे तुझ्यापेक्षा जास्त वेळ घालवलाय.

मी सुई लावून घेणार आहे. माझ्या छातीत कोण येऊन राहिलंय त्याचं नाव मी विचारणार. नाव न विचारता तर आपण कुणाला ओटीवरही बसू देत नाही.

तुझी बहीण
नूरोआ


२० मार्च

दादा,

झालं नाही. आणि का झालं नाही ते मी तुला सांगणार नव्हते, कारण तू हसशील. पण मीरिआमाने वहिनीला अर्धंमुर्धं सांगितलंय आणि अर्धंमुर्धं गावात फिरण्यापेक्षा सगळं फिरलेलं बरं.

मला पालथं झोपवलं. पाठीवर चिकटपट्टीने बारीक तारा लावल्या, म्हणजे फोटोत जागा नेमकी कळते. ते मशीन मोठ्या कड्यासारखं आहे, त्यातून आपण आत-बाहेर सरकतो. सुई घालणारे डॉ. फेनविक उंच आहेत, बोलतात मऊ. म्हणाले, "नूरोआबाई, मी सांगितलं की श्वास घ्यायचा आणि धरायचा. मी सोडा म्हणेपर्यंत हलायचं नाही. जमेल ना?"

जमेल ना! मला विचारतात!

मला इतका आनंद झाला, दादा. या शहरात आल्यापासून मला काही येत नाही. बसचं कार्ड लावता येत नाही, फोनवर फॉर्म भरता येत नाही, लेकीच्या घरातली चूलही माझं ऐकत नाही. आणि आता एक शिकलेला माणूस मला असं काही करायला सांगत होता की जे माझ्याइतकं या अख्ख्या इमारतीत कुणाला येत नसेल. सगळे काचेमागे गेले. भोंग्यातून आवाज आला, "श्वास घ्या. धरा."

मी घेतला. बाबांनी शिकवला तसा. आधी पोट, मग बरगड्या, मग खांदे, आणि वर गळ्यातून घोट घोट हवा गिळून. आणि धरला.

मशीन फिरलं, थांबलं. काचेमागे त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मला कुणी सोडा म्हटलं नाही, मी कशाला सोडू? डोळे मिटले. पाणी हिरव्याचं निळं होतं ती जागा आली, शिंपल्यांच्या दोऱ्या दिसायला लागल्या. आणि एकदम धावपळ! दार आपटलं, कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवत होतं, "सोडा! श्वास सोडा! बाई, ऐकताय ना?" काचेमागचा तंत्रज्ञ पांढराफटक पडला होता. त्याला वाटलं, बाई गेली.

मी सोडला आणि म्हटलं, "एवढ्यात?"

आता हस. पण पुढचं हसण्यासारखं नाही. डॉक्टरांनी पाठ बधिर केली, सुई कातडीतून जराशी आत घातली, पुन्हा फोटो. पुन्हा श्वास. माझ्या मनात आलं, मघाशी त्यांचं समाधान झालं नसावं, म्हणून मी आणखी मोठा घेतला. त्यांनी मान हलवली. मी त्याहून मोठा घेतला. शेवटी ते माझ्या तोंडासमोर उकिडवे बसले.

"नूरोआबाई, तुम्ही श्वास घेता तेव्हा तुमचं फुप्फुस इतकं खाली उतरतं की डाग बरगडीमागे जाऊन लपतो. मी नेम धरतो एकीकडे, तो जातो भलतीकडे. दरवेळी नव्या ठिकाणी."

"मग अजून जोर लावते."

"नको, नको! लहान श्वास हवा. बसमध्ये बसलात की घेता ना, तसा. आणि दरवेळी तेवढाच. चुकलो तर सुईने फुप्फुस फाटेल, हवा बाहेर येईल, ते मिटेल. आज मी तो धोका घेणार नाही."

सुई फुप्फुसापर्यंत न्यायच्या आधीच त्यांनी काढून घेतली आणि मला घरी पाठवलं. सराव करून या म्हणाले.

सराव, दादा. श्वासाचा. मला!

घरी येऊन मी जेवले नाही. जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी माझं नाव झालं, तीच आडवी आली. तू इथे असतास तर म्हणाला असतास, हात दाखवून अवलक्षण. म्हण. अवलक्षण तर अवलक्षण, हात मी पुन्हा दाखवणार आहे.

नूरोआ


२९ मार्च

दादा,

लहान श्वास म्हणजे काय ते तू मला सांग. मला माहीतच नाही. वर येऊन धापा टाकतो तो श्वास माहीत आहे, खाली जायच्या आधीचा माहीत आहे. मधला कधी घेत असेन तर तो माझ्या नकळत. आणि नकळत घ्यायची गोष्ट सांगून घ्यायला लागले की बिघडते.

मीरिआमा कामावरून आली की माझ्या पाठीवर हात ठेवून बसते. "आई, जास्त झाला." "आई, हा कमी." "आई, हा मघाच्यासारखा नाही." मी तिला म्हटलं, तू माझ्या पोटात होतीस तेव्हाही मी बुडी मारत होते, तुला काय कळतं. ती म्हणाली, "म्हणूनच कळतं, आतून बघितलंय." मला राग आला आणि हसूही आलं. बापावर गेलीय जिभेने.

तिला काळजी वाटते. वाटायला हवी. मलाही वाटते, हे एकदा लिहूनच टाकते. कॅन्सरची वाटते ती वेगळी. सुईने फुप्फुस मिटलं तर कदाचित पुन्हा खोल जाता येणार नाही असं त्यांनी आधीच बजावलंय. उद्या कळलं की डाग साधाच होता आणि त्याचं नाव विचारण्याच्या नादात मी लगून गमावलं, तर मी काय करायचं? लेकीच्या गॅलरीत बसून गाड्या मोजायच्या? तुझं म्हणणं अगदीच मूर्खपणाचं नव्हतं. पण तू ते ज्या तोऱ्यात सांगतोस ना, त्यानेच माणूस उलट वागतं.

बरं, श्वास सापडला. कुठे, सांगते. रविवारी आपल्या चर्चमधल्या प्रार्थनेचा व्हिडिओ आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पोको वहिनीची नवी टोपी छान आहे. बायकांनी स्तोत्र उचललं आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. दोन ओळींच्या मध्ये आम्ही बायका कसा श्वास चोरतो? इवलासा, कुणाला ऐकू येऊ नये असा, आणि प्रत्येक ओळीला तेवढाच, नाहीतर पुढची ओळ डळमळते. मी ओरडले, "मीरिआमा, हात ठेव!" तिने हात ठेवला. मी मनात ओळ म्हटली, श्वास चोरला, धरला. पुन्हा ओळ, पुन्हा श्वास. ती म्हणाली, "आई, तेवढाच. पुन्हा तेवढाच!"

आणखी एक. तो व्हिडिओ मी बऱ्याचदा बघितला. बायकांच्या खाली पुरुषांचा हुंकार येतो ना, पोटातून, तो आपल्या चर्चमध्ये तुझ्यापासून सुरू होतो. बाबांनंतर तूच. या वेळी हुंकार दुबळा वाटला म्हणून मी तुला शोधलं. तू पहिल्या रांगेत आहेस. ओठ हलतायत. आवाज नाही. ओळ संपायच्या आधीच तू रुमाल तोंडाला लावतोस.

वहिनी, हे वाचताना त्याच्या तोंडाकडे बघ आणि काय दिसलं ते मला कळव.

नूरोआ


१२ एप्रिल

दादा,

झालं! आज झालं.

पुन्हा पालथी. पुन्हा तारा. तो तंत्रज्ञ मला ओळखून म्हणाला, "आज मला घाबरवणार नाही ना?" मी म्हटलं, "आज मी बसमध्ये बसलेय." डॉ. फेनविक म्हणाले, श्वास घ्या, धरा. मी मनात ओळ म्हटली, श्वास चोरला, धरला. मशीन फिरलं. "उत्तम. डाग जागेवर आहे." सुई थोडी पुढे. पुन्हा ओळ, पुन्हा श्वास. "उत्तम. तिथेच आहे." असं पायरी पायरीने. दुखलं ते फक्त एकदा, सुई फुप्फुसाच्या पडद्यातून गेली तेव्हा, आणि तेव्हाही मी हलले नाही. मग चट् असा आवाज झाला. आपण शिंपल्याचा सांधा सुरीने तोडतो ना, तसा. तुकडा निघाला. मग आणखी दोनदा चट्.

मला दाखवले. बाटलीत, पाण्यात, दोऱ्याच्या तुकड्यासारखे पांढुरके. एवढ्याशासाठी तू सिमेंट कालवलंस.

डॉक्टर म्हणाले, "नूरोआबाई, इतका स्थिर श्वास मी क्वचित बघतो." मी म्हटलं, "मागच्या वेळीही स्थिरच होता, तुम्हाला पुरला नाही." ते हसले.

मी छान आहे. काहीही झालेलं नाही. उत्तर यायला थोडे दिवस लागतील. तोवर तेरेला सांग, थडग्यावर झाकण ठेवू नका. पोरं आत पडतील असं वाटत असेल तर कोंबड्या पाळा त्यात.

नूरोआ


१९ एप्रिल

दादा,

मागच्या पत्रात छान आहे लिहिलं ते खोटं होतं. पत्र हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहिलं होतं आणि नाकात नळी होती.

सुई काढल्यावर सुईची बाजू खाली करून झोपवतात, खोकू नका, बोलू नका म्हणतात. दुपारी फोटो काढला तर फुप्फुसाच्या कडेने हवेची पातळ रेघ. जरासं मिटलं होतं. तू म्हणाला होतास, तसंच. भोक पडलं आणि श्वास गळला. मला ते तुला सांगायचं नव्हतं, कारण तू चर्चमध्ये उभं राहून सांगितलं असतंस. रात्रभर ठेवून घेतलं, ऑक्सिजन दिला. सकाळच्या फोटोत रेघ कमी झाली, परवाच्या फोटोत नाहीशी झाली. फुप्फुस पुन्हा भरलं. म्हणजे अर्धं तुझं खरं, अर्धं माझं. तुझ्या वाट्याचं अर्धं मी मुकाट्याने देऊन टाकलंय, आता माझ्या वाट्यावर हक्क सांगू नकोस.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

मंगळवारी मी फोन केला तेव्हा तू उचललास. मला कळलं, तूच आहेस. वहिनी उचलते तेव्हा आधी कोंबडीला शिवी देते, मग हॅलो म्हणते. मी म्हटलं, "दादा?" तू बोलणार होतास, दादा, तू श्वास घेतलेला मी ऐकला. आणि मग तुला खोकला आला, तो थांबेचना. पार खालून येणारा, ओला, आणि शेवटी शीळ घातल्यासारखा. फोन कशावर तरी आपटला आणि बंद झाला.

बाबा असेच खोकायचे. शेवटी शेवटी आई त्यांच्या उशाशी करवंटी ठेवायची आणि आपल्याला बघू द्यायची नाही. सगळे म्हणायचे, पाणबुड्यांना होतंच, खोल पाणी छातीत बसतं. आपणही तेच म्हणत आलो.

खोकला कधीपासून आहे? तू बुड्या मारणं थांबवलंस तेव्हापासून? चर्चने डीकन केलं, पंचांत बसवलं, आता वेळ मिळत नाही, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मीही विश्वास ठेवला.

वहिनी, हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. नाही, दाखव.

नूरोआ


३ मे

दादा!

कॅन्सर नाही!

डॉ. फेनविक यांनी मला आणि मीरिआमाला बोलावून सांगितलं. त्या दोऱ्याएवढ्या तुकड्यात सापडलं. क्षय. टीबी. इतके दिवस माझ्या छातीत तो बसला होता आणि थुंकीत येत नव्हता, म्हणून कुणाला दिसला नाही. गोळ्या घ्यायच्या, काही महिने, न चुकता. बरा होतो. ऐकतोयस ना? बरा होतो!

मीरिआमा तिथेच डॉक्टरांच्या गळ्यात पडली. मी त्यांना विचारलं, बुडी कधी मारू? ते म्हणाले, एवढ्यात नाही, आधी गोळ्या संपू द्या, मग फोटो बघू. 'कधीच नाही' म्हणाले नाहीत. मी ते नीट ऐकून ठेवलंय.

तर आता गावाला सांग. ज्यांनी माझ्या नावाने स्तोत्रं म्हटली त्यांनी ती परत घ्यावी. ज्या बायका मला गुंडाळायला चादर शिवत बसल्यात त्यांनी ती कुणाच्या तरी लग्नात द्यावी. लगूनने शिक्षा केली म्हणणाऱ्यांना सांग, लगूनचा काही संबंध नाही. हा रोग पाण्यातून येत नाही. माणसाच्या श्वासातून येतो.

इथवर मी नाचत लिहिलं. पुढचं बसून लिहिते.

गोळ्या द्यायला घरी एक नर्स येते, मेले नाव तिचं, टोंगाच्या बेटांवरची आहे. माझ्यासमोर बसते, गोळी गिळली की नाही बघते, मगच चहा घेते. काल तिने विचारलं, "मावशी, हा तुम्हाला कुणाकडून तरी आला असणार. आत्ता नाही तर काही वर्षांपूर्वी. इथे येण्याआधी तुम्ही कुणाच्या घरात राहत होता? तिथे कुणी बराच काळ खोकतंय का?"

मी म्हटलं, "नाही. कुणी नाही."

इतकं पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं. तुझ्यावर एवढी चिडलेली मी, तुझ्या थडग्याची टवाळी करणारी मी, आणि कुणी बाहेरच्याने तुझ्याकडे बोट दाखवलं तर आडवी उभी राहिले. आपल्या घरात झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईच्या दुधातून आलंय.

मेलेने काही लिहून घेतलं नाही. कप धुऊन ठेवला. जाताना म्हणाली, "आमच्याकडेही माझ्या आजोबांना कुणी विचारलं की आम्ही असंच 'कुणी नाही' म्हणायचो. ते गेले. मग धाकटी आत्या गेली." आणि बूट घालून निघून गेली.

नूरोआ


५ मे

दादा,

हे शेवटचं पत्र आहे असं समज, कारण यानंतर तू माझं पत्र घरात घेऊ देशील असं मला वाटत नाही.

मी तुझं नाव दिलं.

सकाळी मेले आली, मी गोळ्या गिळल्या, आणि म्हटलं, "लिही. तामातोआ, माझा थोरला भाऊ, ताउहुनु, मानिहिकी. दोन वर्षं तरी खोकत असणार. घरात बायको आहे आणि चार वर्षांची नात, किमिओरा. ती त्याच्या कुशीत झोपते." तिने लिहून घेतलं. आज दुपारपर्यंत ते मुख्य बेटावर, रारोटोंगाच्या हॉस्पिटलात पोचलं असेल आणि उद्यापर्यंत आपल्या दवाखान्यातली नर्स तुझ्या दारात उभी असेल. म्हणून पत्र येण्याआधीच तुला कळलेलं असणार. तरी लिहिते. दुसऱ्याच्या तोंडून कळलं आणि बहीण गप्प बसली, असं नको.

मला माहीत आहे मी काय केलं ते. तू डीकन आहेस. नर्स घरातून बाहेर पडायच्या आत गावभर होईल. लोक तुझा पेला वेगळा ठेवतील, चर्चमध्ये पहिली रांग जरा मोकळी मोकळी होईल, पोरांना तुझ्या अंगणातून हाका मारून बोलावून घेतील. माझ्यामुळे होईल. मला क्षमा माग म्हणशील तर मी मागणार नाही.

कारण मीही काही विसरलेले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू. छाती तुझी रिकामी झाली होती आणि बुडी माझी बंद केलीस. मला वाटत राहिलं, माझ्या वयाची तुला लाज वाटते. तसं नव्हतं. तुला खाली जाता येईना, आणि नावेत बसून मी खाली जाताना बघणं तुला सहन होईना. हे एकदा बोलला असतास, दादा, तर मी स्वतः नावेतून उतरले असते. देवाशपथ उतरले असते. तुझ्यासोबत किनाऱ्यावर बसून जाळी शिवली असती. पण तू हुकूम सोडलास, आणि हुकूम मला बाबांचाही कधी चालला नाही.

तुला भीती कशाची वाटते तेही आता मला कळतंय. विचारलं की नाव कळतं, आणि नाव कळलं की खरं होतं. म्हणून मला घरी ये म्हणालास. दोघंही न विचारता खोकत बसलो असतो, शेजारी शेजारी. मला ते नको होतं. तुझ्यासाठीही नको.

तर आता ऐक. रारोटोंगाच्या विमानात तुम्हा तिघांच्या जागा ठेवल्यात, मीरिआमाने. छातीचा फोटो काढतील, थुंकी घेतील. तुझ्या थुंकीत सापडेल बहुतेक, तुला सुईही लागणार नाही. लागलीच, तर लहान श्वास कसा चोरायचा ते वहिनीला येतं, तिच्याकडून शिकून जा. किमिओरालाही घेऊन जा. तिला वेळेवर गोळ्या दिल्या तर तिला काही होणार नाही, हे मी मेलेला दोनदा विचारून घेतलंय. वहिनी, तो तयार झाला नाही तर तू पोरीला घेऊन विमानात बस. तो तुमच्या मागून येईल. तिच्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

दादा, मला तुझा राग आहे आणि तू मला हवा आहेस, दोन्ही एकदमच आहे आणि दोन्ही खरं आहे. हवं तर उरलेला जन्म माझ्याशी बोलू नकोस. पण जन्म उरायला तर हवा.

तुझी
नूरोआ